फिश टँकची जुनी ट्यूब काढून एलईडी बसवायचीय? मग आधी हे वाचा

कोल्हापुरात माणूस नाद करतो तो पूर्ण करतो, मग ती तालीम असू दे नाहीतर पेठेचा फुटबॉल, आणि फिश टँकवाल्यांचं पण तसंच आहे. एक छोटी टाकी आणली की वर्षभरात तिची तीन फुटी होते, मग त्यात खरी झाडं येतात, आणि मग लाईटचा विषय निघतो. सध्या जो तो मला हेच विचारतोय की दादा ट्यूब काढून एलईडी लावू का, कुठली लावू, किती वॅटची लावू, बिल खरंच कमी येतं का, आणि लावल्यावर शेवाळ का आलं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं.

पहिली गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. एलईडीमुळं वीज वाचते हे शंभर टक्के खरं आहे, पण ती वाचते कधी, तर तुम्ही तेवढाच उजेड कमी विजेत घेतला तर. आपल्याकडं होतंय काय की ट्यूब ४० वॅटची होती म्हणून लोक एलईडी पण ४० वॅटची लावतात, म्हणजे उजेड दुप्पट अडीचपट होतो, बिल तिथंच राहतं आणि पंधरा दिवसात काचेवर शेवाळाचा हिरवा थर. मग दोष एलईडीला. तर आधी वॅट बघायचं नाही, आपल्या टाकीत झाडं कुठली आहेत ते बघायचं.

एवढा फरक पडतो कशानं

थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की दुकानात कुणी फसवू शकत नाही. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. जुना पिवळा बल्ब एका वॅटला १० ते १५ ल्युमेन उजेड द्यायचा, बाकी सगळी उष्णता. सीएफएल ५० ते ७० च्या आसपास. साधी जाडी ट्यूब चोकसकट धरली तर साधारण ६० ते ७५, बारीक टी-५ ट्यूब ९० च्या पुढं जाते. आज बाजारात मिळणारी बरी एलईडी आरामात १०० देते आणि चांगल्या चिपा, म्हणजे एलईडीतले उजेड देणारे बारीक तुकडे, १५० च्या वर जातात. आणि दुसरा मुद्दा याच्यापेक्षा मोठा आहे, तो म्हणजे ट्यूब सगळीकडून उजेड फेकते, वर, खाली, बाजूला. टाकीला फक्त खालचा पाहिजे असतो. वरचा उजेड रिफ्लेक्टर असला तर थोडा परत येतो, नाहीतर टॉपच्या, म्हणजे झाकणाच्या, प्लायवूडमध्येच जिरतो. एलईडी मुळातच एका बाजूला उजेड टाकते, म्हणून कागदावर ल्युमेन कमी दिसले तरी पाण्यात पोचतात जास्त.

पांढरी एलईडी म्हणजे आत निळीच चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ती निळी चिप जमायलाच लई वर्षं गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ती नीट जमली आणि त्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना मिळालं. आता गंमत बघा, आपण झाडांच्या टाकीवाले ज्या अमानोंचं नाव घेतो ते ताकाशी अमानो वेगळे, ते पण जपानीच, फोटोग्राफर, त्यांनी प्लांटेड टँक, म्हणजे खऱ्या झाडांची टाकी, ही कला म्हणून जगभर नेली आणि शेवाळ खाणारा जो अमानो श्रिंप, म्हणजे छोटा झिंगा, दुकानात मिळतो तो त्यांच्याच नावाचा. म्हणजे एका अमानोंनी दिवा दिला आणि दुसऱ्यांनी त्या दिव्याखाली काय लावायचं ते दाखवलं, मला ही जोडी लई आवडते.

बिलाचा हिशोब

तीन फुटी टाकी धरू, ३ बाय दीड बाय दीड, साधारण १८० लिटर पाणी. त्यावर ३० वॅटच्या दोन ट्यूब आणि त्यांचे तांब्याचे चोक, सगळं मिळून ७५ वॅट धरा. रोज ८ तास म्हणजे ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. त्याजागी ३० वॅटची चांगली एलईडी ७ तास चालवली तर रोज ०.२१ युनिट, महिन्याला ६.३. म्हणजे महिन्याला जवळजवळ १२ युनिट वाचले, वर्षाला १४० च्या आसपास. आणि महावितरणचं बिल स्लॅबवर असतं, १०० युनिटपर्यंत एक दर, १०० ते ३०० दुसरा, ३०० च्या पुढं अजून वेगळा, त्यामुळं तुम्ही वाचवलेली युनिटं नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमधनं कमी होतात. स्वतःचं बिल काढून वरच्या स्लॅबचा दर बघा आणि त्यानं गुणा, मग कळंल एलईडी पट्टीचे पैसे किती दिवसात फिटतात.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. एलईडी लावल्यावर तुमच्या लक्षात येईल की आता लाईटपेक्षा फिल्टर जास्त युनिट खातोय, कारण १० वॅटचा फिल्टर २४ तास चालला तर महिन्याला ७.२ युनिट. म्हणून काही जण रात्री फिल्टर बंद करायला लागतात. ते अजिबात करू नका. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया अमोनिया संपवतात त्यांना सतत वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं, तासन्‌तास बंद ठेवलं की ते मरायला लागतात आणि मग मासे. वाचवायचं ते लाईटमधनं वाचवा, फिल्टरला हात लावायचा नाही.

मग किती उजेड पाहिजे

जुना हिशोब होता लिटरला अर्धा वॅट. तो ट्यूबच्या जमान्यातला, एलईडीला लागू नाही, विसरून जा. आता ल्युमेनवर चला, अंदाजाला पुरतं.

टाकीत नुसते मासे आणि प्लास्टिकची झाडं असतील, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न वगैरे, तर उजेड फक्त आपल्याला बघण्यासाठी आहे, लिटरला ५ ते १० ल्युमेन लई झाले. दोन फुटी ५० लिटरच्या टाकीला ५ वॅटची छोटी पट्टी पुरते, खरंच पुरते, आणि माशांना ती जास्त बरी वाटते.

अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया असली सोशीक झाडं असतील तर लिटरला १० ते २० ल्युमेन. ५० लिटरला जास्तीत जास्त १००० ल्युमेन, म्हणजे १० वॅट. कार्बन डायऑक्साईडची गरज नाही, खत पण थोडंच.

अमेझॉन स्वोर्ड, लुडविजिया, रोटाला रोटुंडिफोलिया यांना २० ते ४०. ही रोटाला तर आपल्या देशातलीच, तरी लोक ती परदेशी झाड म्हणून विकत घेतात. वर जी तीन फुटी टाकी धरली ती या गटात अगदी खालच्या टोकाला येते, ३० वॅटला ३००० ते ४००० ल्युमेन धरले तर लिटरला वीसेक पडतात, रोटाला हिरवी राहील, वाढेल, पण लालसर होणार नाही.

४० च्या पुढं जायचं म्हणजे लाल झाडं, तळाला गालिच्यासारखी पसरणारी कार्पेटची झाडं, क्युबा, ग्लॉसो, मॅक्रांड्रा, आणि इथं आलात की कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर, रोजचं खत, दर आठवड्याला अर्धं पाणी बदलणं हे सगळं आलं. आपल्याकडं शेतकऱ्याला सांगायला नको, उसाला नुसतं पाणीच पाजत बसलं आणि खताचा मेळ नाही घातला तर ऊस वाढत नाही, उलट जमीन खारावते. टाकीत उजेडाचं पण तसंच, झाडाला बाकीचं खायला नसेल तर वाढीव उजेड झाड घेत नाही, तो शेवाळ घेतं.

झाडाला लागणारा उजेड मोजायचं खरं माप म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, एका सेकंदात एका चौरस मीटरवर पडतात ते, आकडा मायक्रोमोलमध्ये. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त दिसतो म्हणून ल्युमेनमध्ये त्यालाच जास्त मार्क. ६६० नॅनोमीटरची गडद लाल एलईडी ल्युमेनमध्ये एकदम कमी दाखवते पण झाडाला भरपूर देते. म्हणून ज्या पट्टीत लाल, हिरवी, निळी, पांढरी अशा वेगवेगळ्या चिपा आहेत तिचे ल्युमेन कमी दिसले म्हणून ती वाईट असं नाही. तळाला पार १५ ते ३० मिळाला तर सोशीक झाडं खूश, ३० ते ५० मधल्यांना, ५० च्या वर गेलात की सिलिंडर तयार ठेवा.

पार मीटर महाग असतो, घरच्या एका टाकीसाठी घ्यायची गरज नाही. मोबाईलवर लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते, मोजायचं फुकट ॲप घ्या, टाकी रिकामी असताना मोबाईल तळाला सपाट ठेवा, सेन्सर वर, आणि जो लक्स आकडा येईल त्याला ७० नं भागा, साध्या पांढऱ्या एलईडीसाठी पारचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो. २१०० लक्स आले तर पार ३०. रंगीत चिपांच्या पट्टीला हा हिशोब चालत नाही. टाकी आधीच भरलेली असेल तर लाईट बाहेर काढून तेवढ्याच अंतरावर टेबलावर मोजा. मोबाईल पिशवीत घालून पाण्यात सोडायचे प्रयोग नकोत.

एक मुद्दा लोक विसरतात, टाकीची उंची. दोन फूट उंच टाकीच्या तळाला आणि एक फूट उंच टाकीच्या तळाला पोचणाऱ्या उजेडात लई फरक असतो, आणि तो पाण्यामुळं कमी, अंतर वाढल्यावर उजेड पसरतो त्यामुळं जास्त. उंच टाकी दिसायला भारी पण खाली कार्पेट लावायचा विचार असेल तर रुंद आणि बुटकी टाकी घ्या, अर्ध्या विजेत काम होतं. नवीन टाकी बनवून घेणाऱ्यांनी हे काचवाल्याकडं जायच्या आधी ठरवा.

दुकानात गेल्यावर काय बघायचं

खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलंय का बघा, म्हणजे दिवसासारखा पांढरा. ५००० ते ८००० मधलं काही पण चालतं, झाडाला त्यानं मोठा फरक पडत नाही, तो आपल्या डोळ्याच्या आवडीचा भाग आहे. १०,००० केल्विनच्या पुढं सगळं निळसर दिसतं. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ८० च्या वर पाहिजे, ९० असेल तर माशांचे रंग खरे दिसतात, निऑन टेट्राची लाल पट्टी आणि गप्पीच्या शेपट्या बघून फरक लगेच कळतो. सीआरआय जास्त असला की ल्युमेन थोडे कमी होतात, ते सोसायचं.

ती जांभळी-गुलाबी ग्रो लाईट घरात लावू नका. हिरवा उजेड झाडाला उपयोगाचा नाही म्हणून फक्त लाल आणि निळा द्यायचा असं त्यामागं सांगतात, ते अर्धवट आहे. पानातला क्लोरोफिल लाल-निळा जास्त शोषतो हे खरं, पण हिरवा पण वापरला जातो आणि तो पानात आतपर्यंत जातो. शिवाय जांभळ्या उजेडात मासा आजारी आहे का, अंगावर पांढरे ठिपके आहेत का काही कळत नाही, आणि माझ्या दृष्टीनं हेच सगळ्यात वाईट.

वॅटचा आकडा खोक्यावरचा खरा मानू नका. स्वस्तातल्या पट्ट्यांवर २४ वॅट लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती ओढते त्याच्या निम्मं. दुकानदार ओळखीचा असेल तर प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग घेऊन जा, दोन मिनिटात खरं खोटं होतं. पट्टीची पाठ ॲल्युमिनियमची आहे का बघा. एलईडी उजेड पुढं देते पण उष्णता मागं सोडते, आणि ती उष्णता निघून गेली नाही तर चिप लवकर मंद होते. पूर्ण प्लास्टिकची बॉडी असेल तर ती सोडून द्या. पट्टी अर्धा तास चालू ठेवून पाठीला हात लावा, कोमट लागली तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर नको.

५०,००० तास आयुष्य असं लिहितात त्याचा अर्थ एवढ्या तासांनी ती बंद पडेल असा नसतो, उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल असा असतो. आणि खरं सांगायचं तर चिप जायच्या आधी ड्रायव्हर, म्हणजे चिपांना वीज पुरवणारं सर्किट, जातो. म्हणून अडॅप्टर वेगळा असलेली पट्टी घ्या, गेला तर तेवढाच बदलता येतो, पट्टीतच ड्रायव्हर कोंबलेला असला की सगळंच भंगारात. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नं सुरू होणारा नोंदणी नंबर बघून घ्या.

करंटचा विषय, हा भाग गाळू नका

पाणी आणि वीज एकत्र आहे, त्यामुळं इथं काटकसर नको. घराच्या भिंतीवर लावायची जी साधी एलईडी ट्यूब असते, २० वॅटची, थेट २३० व्होल्टवर चालणारी, ती बरेच जण टाकीच्या टॉपमध्ये बसवतात कारण स्वस्त पडते. या ट्यूबांमधले बरेचसे ड्रायव्हर आयसोलेटेड नसतात, म्हणजे आतली चिपांची पट्टी मेनच्या करंटला थेट जोडलेली असते. भिंतीवर आहे तोवर काही बिघडत नाही, पण उघड्या पाण्याच्या वर वाफेत ठेवली आणि टोपणातनं ओल आत गेली की टाकीत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पाण्याच्या वर फक्त १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी, आयपी ६७ किंवा ६८, म्हणजे आत पाणी न जाणारी, आणि अडॅप्टर टाकीपासून लांब, पाणी उडणार नाही अशा जागी.

वायर बोर्डाकडं जाताना आधी बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरनं ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला थेंब होऊन पडतं, पिनमध्ये जात नाही. घराला ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं स्विच, बसवलेली नसेल तर टाकीसाठी तरी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते, दोन्ही वेगळ्या आहेत. अर्थिंग तपासा, जुन्या वाड्यातल्या घरात तर नक्कीच. आणि टाकीत हात घालताना सगळ्या पिना काढायच्या, लाईट, हीटर, फिल्टर, सगळं.

जुन्या ट्यूबच्या फ्रेममध्येच एलईडी ट्यूब घालणार असाल तर चोक आणि स्टार्टरचं काय करायचं ते त्या ट्यूबच्या कागदावर बघा आणि इलेक्ट्रिशियनकडनं करून घ्या. पण माझा सल्ला, जुनी फ्रेम काढूनच टाका.

स्वतः बनवायची असेल तर

कोल्हापूरला ही एक सोय आहे की उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं पाहिजे ते सेक्शन कापून, भोकं पाडून मिळतं. टाकीच्या लांबीपेक्षा दोन इंच कमी असा ॲल्युमिनियमचा चॅनेल घ्या, त्यावर २४ व्होल्टची चांगल्या सीआरआयची पट्टी दोन किंवा तीन ओळीत चिकटवा. चिकटवायच्या आधी चॅनेल स्पिरिटनं पुसा, नाहीतर पावसाळ्यात गोंद सुटून पट्टी पाण्यात लोंबते. वरून पारदर्शक कव्हर आणि दोन्ही टोकं सिलिकॉननं बंद. ॲसिडचा वास येणारं सिलिकॉन पट्टीच्या तांब्याला आणि सोल्डरला खातं, म्हणून न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच घ्या. एसएमपीएस, म्हणजे पट्टीला वीज देणारा अडॅप्टर, गरजेच्या सव्वा ते दीडपट क्षमतेचा घ्या, ३० वॅटच्या पट्टीला ४० ते ४५ वॅटचा, म्हणजे तो तापत नाही आणि टिकतो. बारा व्होल्टपेक्षा चोवीसची पट्टी घ्यायचं कारण, तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, त्यामुळं लांब पट्टीच्या शेवटच्या टोकाला उजेड कमी पडत नाही.

मध्ये उजेड कमी-जास्त करणारा एक डिमर नक्की टाका, पंधरा-वीस रुपयाच्या नादाला लागू नका, बरा घ्या. डिमर असला की पुढचं सगळं सोपं होतं.

बसवल्यावरचे पहिले दोन महिने

इथंच सगळी गडबड होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुन्या ट्यूबखाली सवयीची झालेली झाडं एकदम नव्या एलईडीखाली आली की त्यांना जमवून घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात शेवाळ पुढं जातं. म्हणून पहिल्या दिवशी डिमर ५० टक्क्यांवर आणि लाईट फक्त ५ ते ६ तास. डिमर नसेल तर पट्टी उंच टांगा किंवा काचेवर मधे पांढरा पातळ कागद टाका, सॅल्विनियासारखं तरंगतं झाड सोडलं तरी चालतं. दहा-बारा दिवस काही बदलायचं नाही. नवीन पानं नीट येतायत, काच स्वच्छ आहे, तर १० टक्के वाढवा. परत दहा-बारा दिवस थांबा. उजेड आणि तास दोन्ही एकदम वाढवू नका, एका वेळी एकच, नाहीतर काय कशानं झालं कळत नाही. शेवटी ७ ते ८ तासांच्या पुढं कुठल्याच टाकीला जायची गरज नाही.

काय दिसलं तर काय समजायचं ते पण सांगतो. नव्या टाकीत पहिल्या महिन्यात तपकिरी धूळ बसल्यासारखं येतं, ते डायटम, एक प्रकारचं शेवाळच, आपोआप जातं, त्यासाठी लाईटला दोष देऊ नका. काचेवर हिरवे कडक ठिपके आले तर उजेड जास्त होतोय, बहुतेक वेळा फॉस्फेट पण कमी असतं. दोऱ्यासारखं लांब हिरवं आलं तर तास कमी करा आणि हातानं काढा. काळ्या दाढीसारखं शेवाळ आलं, पानांच्या कडेला, तर ती बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साईड कमी-जास्त होतोय याची खूण असते, तिथं नुसता लाईट कमी करून भागत नाही. पाणीच हिरवं झालं तर तीन-चार दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करा, एअर पंप चालू ठेवून. उलट झाड लांबच लांब उंच होतंय, पानं लांब लांब अंतरावर येतायत, खालची गळतायत, तर उजेड खरंच कमी पडतोय, वाढवा.

खिडकीतलं ऊन टाकीवर येत असेल तर हे सगळे हिशोब वाया. थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं, तुमची पट्टी त्याच्यापुढं काहीच नाही, तासभर ऊन आलं तरी शेवाळाला पुरतं. टाकी हलवा नाहीतर पडदा लावा.

टायमर आणि जाणारी लाईट

हातानं चालू-बंद करून कुणालाच जमत नाही, एक दिवस ६ तास, एक दिवस १२. टायमर घ्याच. पण आपल्याकडं पावसाळ्यात वादळ-वाऱ्यात लाईट जाते, कधी कधी तासन्‌तास, आणि फिरत्या चकतीचा जो स्वस्त टायमर असतो तो लाईट गेल्यावर तिथंच थांबतो, परत आली की तितका मागं पडलेला असतो, आठवड्यात तुमची टाकी मध्यरात्रीपर्यंत उजळलेली. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर किंवा वायफायचा स्मार्ट प्लग घ्या, तो वेळ स्वतः जुळवून घेतो. स्मार्ट प्लगच्या सेटिंगमध्ये लाईट परत आल्यावर आधीच्या स्थितीत राहा हा पर्याय निवडा.

वेळ कुठली ठेवायची, तर तुम्ही घरी असता ती. दुपारी ३ ते रात्री १० ठेवली तर संध्याकाळी सगळं घर बघतं, झाडाला सकाळ-दुपार असं काही नसतं. रात्री निळा लाईट लावून ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. माशाला पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय नाही, त्याला रात्री अंधारच पाहिजे. आणि ज्यांच्या कंट्रोलरमध्ये उजेड हळूहळू वाढवायची-कमी करायची सोय आहे त्यांनी ती अर्ध्या तासाची लावा, एकदम लाईट लागली की मासे बिथरून काचेला धडकतात, ते थांबतं. सोय नसेल तर टाकीचा लाईट लागायच्या आधी खोलीतला लाईट चालू असू दे.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय ठेवायचं हा प्रश्न हमखास येतो. एअर पंप. टाकीचा लाईट दोन दिवस बंद राहिला तरी झाडांना काही होत नाही, पण माशांनी गच्च भरलेल्या टाकीत काही तास हवा बंद पडली तर सकाळी मासे वर तरंगलेले असतात, त्यातून अंधारात झाडं पण ऑक्सिजनच खातात. पंप ३ ते ५ वॅटचा असतो, इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही.

सांभाळायचं कसं

बोअरचं पाणी वापरत असाल तर पट्टीखालच्या काचेवर पांढरे क्षार बसतात आणि उजेड गुपचूप कमी होत जातो, आठवड्यातनं एकदा ती काच काढून लिंबू किंवा व्हिनेगरनं पुसा आणि साध्या पाण्यानं धुऊन परत ठेवा. जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली, तेव्हा महिन्यातनं एकदा पिन काढून जोड बघा, हिरवा गंज दिसला तर कापून नवीन जोड करा. लाकडी बंद टॉप असेल तर मागच्या बाजूला चार-पाच भोकं पाडा, एप्रिल-मे मध्ये आतली गरम हवा बाहेर पडली पाहिजे, ट्यूबच्या मानानं एलईडी पाणी कमी तापवते हे खरं पण कोंडलेली हवा पट्टीलाच मारते.

उजेड नीट जमला की झाडं भराभर वाढतात आणि छाटलेलं एवढं होतं की टाकायचं कुठं हा प्रश्न पडतो. मित्रांना द्या, दुकानात द्या, नाहीतर वाळवून कुंडीत घाला. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत टाकू नका, कळकळीनं सांगतोय. रंकाळ्यानं जलपर्णी भरपूर सोसलीय. सकर मासे मोठे झाले म्हणून नदीत सोडणं पण तितकंच वाईट, ते इथले नाहीत आणि आपल्या माशांच्या जागा खातात.

समुद्री टाकीवाल्यांचा हिशोब पूर्ण वेगळा, कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ मुख्यतः निळ्या उजेडावर जगतं आणि पार बऱ्याचदा १०० च्या पुढं लागतो, त्यामुळं वरचे आकडे तिथं लावू नका.

राहिली काढलेली जुनी ट्यूब. तिच्यात पारा असतो, ती फोडायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीत ओल्या-सुक्यात मिसळायची पण नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडं अख्खी द्या, तोवर नव्या पट्टीच्या खोक्यातच घालून पोरांच्या हाताला लागणार नाही असं माळ्यावर ठेवा. चोकमध्ये तांबं असतं, भंगारवाला तो आनंदानं नेतो.